घड्याळाचें झांकण

आमच्या घरीं देवाजवळचें निरांजन आणि वडिलांचें मनगटी घड्याळ यांची वेळ एकच. वडील गेल्यापासून सकाळची पूजा आटोपली कीं आई पदराला हात पुसून त्या घड्याळाला किल्ली देई. घड्याळ एच. एम. टी.चें, 'जनता' नांवाचें. तबकडीवर सातच्या आंकड्याजवळ तिळाएवढा तांबूस डाग होता. आमच्या रत्नागिरीची हवाच तशी. शंभर इंचांहून अधिक पाऊस आणि बारा महिने खारा वारा. मग ओल कोठें शिरणार नाहीं?

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत तें बंद पडलें. मीं तें एका मोठ्या शहरांतील झगझगीत दुकानांत दिलें. (दुकान जितकें मोठें तितका कारागीर मोठा, अशी त्या वेळीं माझी समजूत होती!) आठ दिवसांनीं घड्याळ परत आलें तें नव्या नवरीसारखें नटून. आईनें तें खिडकीपाशीं नेऊन निरखून पाहिलें आणि एवढेंच म्हणाली, "छान आहे रे. पण हें ह्यांचें नव्हे."

डाग नव्हता. तबकडी खरडून पुन्हा रंगविली होती. पुढें एका जाणत्या गृहस्थांकडून झांकण उघडून घेतलें, तेव्हां आंतील यंत्रहि परकें निघालें. त्यावर कोरलेला क्रमांक 'जनता'च्या यंत्राचा नव्हता. जुन्या तबकड्या रंगवून घड्याळें विकण्याचा उद्योग मुंबईंत असा माजला आहे कीं, परदेशांतील जुन्या घड्याळांचे षोकी मुंबईचें नांव काढतांच बिचकतात, हें मला मागाहून कळलें. दुकानदाराचें म्हणणें मात्र असें कीं, "साहेब, नवें करून दिलें, वर जादा पैसेहि घेतले नाहींत!" आईनें त्यानंतर त्या घड्याळाला किल्ली दिली नाहीं.

यंदां धाकट्या काकांचें घड्याळ थांबलें, तेव्हां घरांत मोठा खल झाला. आमच्या सौ.चें म्हणणें, दुरुस्तीच्या पैशांत सेलवर चालणारें नवें घड्याळ येईल. हिशेब बिनचूक होता. काका मात्र "पहिल्या पगाराचें आहे तें" एवढें बोलून सुपारी कातरीत बसले.

हीं एच. एम. टी.चीं घड्याळें बंगलोरास 1961 सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें होऊं लागलीं. 2016 सालीं केंद्र सरकारनें तो घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हां आतां कारखान्यांतून नवा सुटा भाग यावयाचा नाहीं. तो बहुधा मेलेल्या घड्याळांतूनच काढावा लागतो. म्हणजे प्रामाणिक माणसालाहि परका भाग घालावा लागतोच. तो सांगून घालतो कीं न सांगतां, एवढेंच पाहावयाचें. आणि झांकण तर मिटलेलें!

रामआळीच्या पलीकडे एका जिन्याखालीं एक वृद्ध घड्याळजी बसतात, असें कळलें. त्यांनीं डोळ्याला भिंग लावलें, माझ्यासमोर झांकण उघडलें आणि भिंग माझ्या हातीं दिलें. "पाहा, तेल वाळून डिंक झालें आहे. हें चक्र सेकंदाला 5 ठोके घेतें, तासाला 18,000. तेलावांचून फिरलें तर आंसाचीं टोकें झिजायचींच." मीं मनांत हिशेब केला: लग्नांतलें घटिकापात्र बुडायला लागणाऱ्या 24 मिनिटांत 7,200 ठोके! फोननें छायाचित्र घेऊं का, म्हणून मीं भीत भीत विचारलें. रागावण्याऐवजीं त्यांनीं दिवाच अलीकडे ओढला.

त्यांनीं 800 रुपये सांगितले. मला जास्त वाटले. तें ओळखून ते म्हणाले, "अडीचशांतहि होईल. अख्खें यंत्र पेट्रोलांत बुचकळून वाळवायचें, कीं लागलें चालायला. सहा महिन्यांनीं पुन्हा या. मी एकेक भाग सुटा करतों, धुतों आणि जेथें हवें तेथेंच तेल देतों. मुख्य स्प्रिंग चांगली आहे, ती बदलायची नाहीं. एक आंस मोडला आहे. तो दुसऱ्या घड्याळांतला घालीन. चालेल ना?"

तबकडी थोडी पुसून द्याल का, असें मीं विचारतांच त्यांनीं हात आडवा केला. "तिला बोट लावूं नका. डागाबरोबर अक्षरेंहि जातील."

हें मला दोन वर्षांपूर्वीं कोणी सांगितलें असतें तर!

महिन्यानें घड्याळ मिळालें. बरोबर कागदाच्या पुडींत मोडका आंस होता. फोनमधील छायाचित्र काढून मीं तेथेंच क्रमांक पडताळला. घड्याळजींनीं तिकडे लक्ष न देतां पुढच्या घड्याळाचें झांकण उघडलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूजा झाल्यावर आई काकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली.

"भाऊजी, किल्ली दिलीत का?"

"नाहीं अजून, वहिनी," काका म्हणाले आणि मनगटावरचें घड्याळ सोडून त्यांनीं तिच्या हातांत दिलें.