सव्वाशेची पायरी (लेखांक दुसरा)

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५ : सोलापूर स्टेशन

सिद्धेश्वर एक्सप्रेस फलाटाला लागली आहे. सोबत भाची. अकरावीची चाचणी बुडवून तिला घेऊन निघाले आहे आणि ताईला ते मुळीच पटलेलं नाही. पण पोरगी टेनिस खेळते, आणि मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर बायकांची मुंबई ओपन चालली आहे. चाचणी पुन्हा देता येईल.

सोलापूरच्या आयटीएफ स्पर्धेवरचा मागचा लेखांक वाचून एका वाचकाने विचारलं की डब्ल्यू-३५, डब्ल्यू-५० हे आकडे कसले? सोपं आहे. एकेरी जिंकणारीला जितके गुण, तितका आकडा. पंधरापासून सुरुवात होते, मग पस्तीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर. त्याच्यावर डब्ल्यूटीए १२५, पुढे २५०, ५००, १०००, आणि ग्रँड स्लॅमचे २०००. मुंबईची स्पर्धा सव्वाशेची. टीव्हीवर टेनिस बघणाऱ्यांना ही पायरी सहसा दिसत नाही. मला हीच जास्त आवडते, कारण खालून चढणाऱ्या आणि वरून घसरलेल्या बायका इथे एकमेकींसमोर येतात, आणि घाई दोघींनाही असते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी : चर्चगेट

सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकावरून चालत आलो. ओव्हलवर सकाळपासून क्रिकेटचे सामने एकमेकांत घुसलेले. कोणता फिल्डर कोणत्या सामन्याचा हे त्यांनाच ठाऊक. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ चं, आणि ते ज्या क्लबचं, त्याच्या नावातच क्रिकेट. तरी आज इथे टेनिससाठी गर्दी आहे. एरवी अशा स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीला खेळाडूंचे प्रशिक्षक आणि चार हौशी माणसं असतात. आज उभं राहायला जागा शोधावी लागली.

कारण एकच : माया राजेश्वरन रेवती. कोईमतूरची, वय वर्षं पंधरा. पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत आली. पहिल्या फेरीत बेलारूसच्या इरिना शिमानोविचला सरळ हरवलं, शिवाय याच स्पर्धेत अमेरिकेच्या जेसिका फाइलाला ७-६, १-६, ६-४. या दुसऱ्या निकालातला मधला १-६ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इतका वाईट सेट गेल्यावर या वयात बहुतेक जणी तिसऱ्यात कोसळतात.

आज समोर जपानची मेई यामागुची होती. ६-४, ३-६, ६-२. पुन्हा मधला सेट गेला आणि पुन्हा तिसऱ्यात मायाच पुढे सरकली. चेंडू लवकर घेते, मागे सरत नाही. दुसरी सर्व्हिस हळू पडली की आत येऊन मारते. चुकलं तरी पुढच्या वेळी तेच करते. भाची पुटपुटली, “मावशी, हिला भीती वाटत नाही का गं?” वाटत असणार. पण खेळाच्या आखणीत तिने भीतीला जागा ठेवलेली नाही, एवढं मला दिसलं.

शेजारचे एक गृहस्थ “दुसरी सानिया, दुसरी सानिया” असा घोष करत होते. पंधराव्या वर्षी कुणाला दुसरं कोणी करून टाकायची आपल्याला फार हौस. जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक टेनिसमध्ये उतरली आणि अठरा व्हायच्या आत खेळापासून दूर गेली होती. ते पाहून डब्ल्यूटीएने १९९५ पासून वयाचा नियम कडक केला. पंधरा वर्षांच्या मुलीने वर्षभरात किती व्यावसायिक स्पर्धा खेळायच्या याला आता मर्यादा आहे. मायालाही ती लागू आहे, त्यामुळे तिला प्रत्येक स्पर्धा निवडूनच खेळावी लागते. कौतुकाला मात्र असा काही नियम नाही.

संध्याकाळी के. रुस्तमकडे दोन बिस्किटांत धरलेलं आइस्क्रीम खाल्लं. दुकान ब्रेबॉर्नच्याच इमारतीत. खाता खाता भाचीला सांगितलं की २०१७ मध्ये हीच स्पर्धा एकोणीस वर्षांच्या एका बेलारूसच्या मुलीने जिंकली होती. अंतिम फेरीत तिने डालिला याकुपोविचला हरवलं. तेव्हा तिचं नाव आपल्याकडे कोण घेत होतं? आर्यना साबालेन्का. आज ती जगात पहिली आहे. भाचीचं आइस्क्रीम हातावर ओघळलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी : चर्चगेट

उपांत्य फेरी. स्वित्झर्लंडची यिल टाइखमन विरुद्ध माया. ३-६, १-६.

निकाल वाचून हा सामना कळणार नाही. टाइखमन सत्तावीस वर्षांची, डावखुरी. २०२१ मध्ये सिनसिनाटीला नाओमी ओसाकाला हरवून अंतिम फेरीत गेलेली. पुढच्या वर्षी एकविसाव्या क्रमांकापर्यंत पोचली आणि मग घसरली. सिनसिनाटी हजाराची स्पर्धा. तिथून सव्वाशेवर यायचं म्हणजे काय, हे तिच्या चेहऱ्यावर शोधत होते. काही दिसलं नाही. बाई कामावर आली होती.

आणि काम तिने चोख केलं. डाव्या बाजूच्या कोर्टातून डावखुरीची सर्व्हिस बाहेर वळते. उजव्या हाताने खेळणारीचा बॅकहँड पार रेषेबाहेर ओढला जातो आणि मागे अख्खं कोर्ट मोकळं पडतं. तिसरा फटका मारायला मग फार अक्कल लागत नाही. लागते ती तीच गोष्ट न कंटाळता पुन्हा पुन्हा करण्याची चिकाटी. माया पहिल्या सेटमध्ये झुंजली. दुसऱ्यात पाय थकले. पात्रता फेरीपासूनचे सामने अंगात होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण टाइखमनच्या चांगल्या फटक्यांना फारच थोड्यांनी. मला ते खटकलं. आपल्या मुलीवर जीव टाकावा, पण समोरचीही लांबून आली आहे.

भाची गप्प होती. नंतर एकदम म्हणाली, “डावखुऱ्यांशी खेळायची सवय कुठं आहे आपल्याला? आमच्या क्लबात एकही नाही बघ.” तीन तासांच्या बघण्यात तिने स्वतःसाठी एक कामाची गोष्ट काढली. चाचणीचं मी ताईशी बघून घेईन.

रविवार, ९ फेब्रुवारी : चर्चगेट, मग सिद्धेश्वर

अंतिम सामना : टाइखमन ६-३, ६-४, थायलंडच्या मनंचया सवांगकेऊवर. गर्दी कालच्यापेक्षा विरळ. सामना नेटका झाला, पण आठवणीत राहील असा नाही. शेवटचा गुण झाल्यावर टाइखमन हसली.

गाडीत भाचीने वहीत हिशेब मांडला. विजेतीला १२५ गुण, उपविजेतीला ८१, उपांत्य फेरीचे ४९, पहिल्याच फेरीत हरणारीला एक. हे गुण बावन्न आठवडे टिकतात, मग गळून जातात. म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत मायाला हे ४९ कुठून तरी पुन्हा मिळवावे लागणार, आणि टाइखमनला १२५. “टाइखमनचं जास्त अवघड,” भाची म्हणाली. मला तितकीशी खात्री नाही. कुर्डुवाडी येईपर्यंत आम्ही त्यावरच वाद घालत होतो.

पुढचा लेखांक बार्शीहून. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत दुहेरीचं कांस्यपदक मिळवणारी प्रार्थना ठोंबरे तिथली. सोलापूरपासून इतकं जवळचं गाव, पण त्या कोर्टांवर मी अजून गेलेले नाही.