डेटाबेसमधून दिलेली कमांड नेमकी कुठे चालते?



डेटाबेस शिकताना आपण टेबल, रकाने आणि क्वेरी यांच्यातच रमलेलो असतो. पण खरं काम करायला बसलं की बाहेरच्या गोष्टी लागतात. फोल्डर बनवायचं असतं, फाइल हलवायची असते, बॅकअप घ्यायचा असतो. ही कामं डेटाबेसची नाहीत, ऑपरेटिंग सिस्टिमची आहेत. मग दर वेळी डेटाबेसमधून बाहेर पडायचं का? गरज नाही. डेटाबेसच्या स्क्रिप्टमधूनच ऑपरेटिंग सिस्टिमला कमांड देता येते. आज आपण तेच पाहू. कमांड कशी लिहायची हे पाच मिनिटांत येतं. ती कुठे चालते आणि कोणाच्या नावाने चालते, हे समजायला मात्र थोडा वेळ द्यावा लागतो.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आपला वाशिम जिल्हा. तालुके सहा : वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. समजा, एका टेबलात सगळ्या शाळांची यादी आहे. तुम्हाला तालुक्यागणिक एक अशा सहा फाइली काढून एका नव्या फोल्डरमध्ये ठेवायच्या आहेत. यादी क्वेरी काढून देईल, पण फोल्डर कोण बनवणार?

कमांड कशी देतात?

पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या प्रोग्राममध्ये उलटी तिरपी रेघ आणि उद्गारचिन्ह, म्हणजे \! लिहून पुढे ऑपरेटिंग सिस्टिमची कमांड लिहायची. मायएसक्यूएलच्या क्लायंटमध्ये 'सिस्टिम' हा शब्द किंवा हेच चिन्ह चालतं. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये 'होस्ट' लिहितात. एसक्यूलाइटमध्ये टिंब देऊन 'शेल' लिहितात. म्हणजे सोय सगळीकडे आहे, नाव तेवढं वेगळं.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. \! दिलं की प्रत्येक वेळी नवा शेल उघडतो आणि काम संपलं की बंद होतो. म्हणून \! वापरून एका ओळीत 'सीडी'ने फोल्डर बदललं, तरी पुढच्या ओळीला त्याचा पत्ता नसतो. फोल्डर बदलायचं तर पीएसक्यूएलची स्वतःची \सीडी कमांड वापरा.

फोल्डर गेलं कुठे?

मी लॅबमध्ये शिकवतो तेव्हा पोस्टग्रेसचा सर्व्हर माझ्या टेबलावरच्या कम्प्युटरवर असतो आणि मुलं आपापल्या कम्प्युटरवरून त्याला जोडलेली असतात. मुलं \! वापरून फोल्डर बनवतात आणि मग 'कॉपी' कमांडने त्यात फाइल काढायला जातात. तोवर मी त्यांना सर्व्हरवर फाइल लिहिण्याची परवानगी दिलेली असते, तरी एरर येते : असं फोल्डर नाही. लगेच कोणीतरी ओरडतं, "सर, फोल्डर तं बनवलं, मंग हे नाही कसं म्हणते?"

तेव्हा मी सगळ्यांना एक प्रयोग करायला लावतो. तुम्हीही करून पाहा. \! नंतर 'होस्टनेम' लिहा. ही कमांड विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालते आणि कम्प्युटरचं नाव सांगते. प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळं नाव येतं, ज्याचं त्याच्याच कम्प्युटरचं! मग मी माझ्या सुपरयूझर खात्यातून एका रिकाम्या टेबलात 'कॉपी फ्रॉम प्रोग्राम' वापरून तीच 'होस्टनेम' कमांड चालवतो. टेबलात येतं ते सर्व्हरचं नाव. ही कमांड कोणत्याही कम्प्युटरवर बसून दिली तरी उत्तर तेच येतं.

आता उलगडा झाला ना? \! ची कमांड तुमच्या कम्प्युटरवर, तुमच्या अधिकाराने चालते. साधी 'कॉपी' मात्र सर्व्हरवरच्या फाइलींशी बोलते. फोल्डर मुलाच्या कम्प्युटरवर बनलं आणि शोध सर्व्हरवर सुरू होता. आपल्या कम्प्युटरवर फाइल हवी असेल, तर उलट्या तिरप्या रेघेची \कॉपी वापरायची. सहा तालुक्यांच्या सहा फाइलींचं कामही असंच होतं : आधी \! ने फोल्डर, मग सहा वेळा \कॉपी.

कोणाच्या नावाने?

मी शिपाईकाकांना "खडू आणा" म्हटलं, तर ते माझ्या शब्दावर जातात. पण मुख्याध्यापकांच्या सहीची कोरी चिठ्ठी माझ्या हाती आली, तर मी त्यावर काहीही लिहू शकतो. सर्व्हरवर कमांड चालवण्याची परवानगी ही अशीच कोरी चिठ्ठी आहे. तिथे कमांड सर्व्हर ज्या खात्याने चालतो त्याच्या नावाने चालते. त्या खात्याला सर्व्हरच्या सगळ्या डेटाबेसच्या फाइली उघड्या असतात.

म्हणून पोस्टग्रेसमध्ये 'कॉपी फ्रॉम प्रोग्राम' फक्त सुपरयूझरला, किंवा ज्याला तो खास अधिकार दिला आहे त्यालाच चालवता येतं. एसक्यूएल सर्व्हरमधली 'एक्सपी सीएमडीशेल' ही सोय तर २००५ च्या आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवलेली असते. गरज असणाऱ्याने ती मुद्दाम चालू करायची. मित्रांनो, शाळेच्या डेटाबेसमध्ये नुसती नावं नसतात. शिष्यवृत्तीसाठी दिलेले आधार क्रमांक असतात, आईवडिलांचे बँक खाते क्रमांक असतात. ही माणसं आपल्यावर विश्वास टाकून कागद देतात. कोरी चिठ्ठी टेबलावर पडू द्यायची नाही ती याच्यासाठी.

रोलबॅक इथे कामाचं नाही

आपण शिकलो आहोत की व्यवहार सुरू करून चुकलं तर 'रोलबॅक' करता येतं. पण ते डेटाबेसच्या आतल्या बदलांपुरतं. ऑपरेटिंग सिस्टिमने फाइल उडवली की 'रोलबॅक' ती परत आणत नाही.

आता ही स्क्रिप्ट डोळ्यांसमोर आणा. पहिल्या ओळीत \! वापरून पेनड्राइव्हवर बॅकअप. दुसऱ्या ओळीत जुन्या वर्षाच्या नोंदी 'डिलीट'. दिसायला किती नीटनेटकी! पण पेनड्राइव्ह लावलेलाच नसेल तर? बॅकअप फसेल, पडद्यावर एक ओळ येऊन वर सरकेल आणि स्क्रिप्ट निवांत दुसऱ्या ओळीवर जाऊन नोंदी पुसून टाकेल. दहा वर्षांनी एखादा मुलगा दाखल्यासाठी आला, तर त्याला काय सांगणार?

यावर उपाय आहे. पीएसक्यूएलच्या १६ व्या आवृत्तीपासून \! नंतर 'शेल एरर' नावाचं व्हेरिएबल भरलं जातं. बॅकअपनंतर \इफ लावून ते तपासा. कमांड फसली असेल तर \क्विट करून तिथेच थांबा. तीन ओळी वाढतात, पण त्या लिहायचा कंटाळा करू नका.

दुसऱ्याची स्क्रिप्ट

शेवटचा मुद्दा. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेली स्क्रिप्ट "नुसती एसक्यूएल तर आहे" म्हणून चालवू नका. तिच्यात कुठेतरी \! असेल, तर ती कमांड तुमच्या कम्प्युटरवर तुमच्या नावाने चालणार. बॅकअपच्या फाइलीतूनही हा धोका येऊ शकतो. १४ ऑगस्ट २०२५ ला पोस्टग्रेसने नेमकी अशी त्रुटी दुरुस्त केली. मूळ सर्व्हरचा दुष्ट सुपरयूझर बॅकअपमध्ये कमांड घुसडू शकत होता आणि ती बॅकअप परत भरणाऱ्याच्या कम्प्युटरवर चालत होती. म्हणून पोस्टग्रेस अद्ययावत ठेवा आणि अनोळखी फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडून वाचा.

तर मित्रांनो, स्क्रिप्टमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमची कमांड लिहिताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही कोणत्या कम्प्युटरवर चालेल? कोणाच्या अधिकाराने चालेल? फसली तर पुढची ओळ काय करेल?

आजचा गृहपाठ : 'होस्टनेम'चा प्रयोग करा, आलेलं नाव वहीत लिहा आणि तेच नाव का आलं ते दोन ओळींत सांगा.