मेणवलीचा घाट आणि धूसर पार्श्वभूमी

मेणवलीच्या घाटावर सुट्टीच्या दिवशी पायऱ्यांपेक्षा कॅमेरे अधिक! लग्न ठरलेली जोडपी वाईहून तीनेक किलोमीटर येतात. नाना फडणिसांचा वाडा, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा, कृष्णेचे संथ पाणी, अशी सारी आरास मागे मांडलेली असते. आणि छायाचित्रकार पहिल्याप्रथम काय करतो, तर ती पुसून टाकतो!

त्याची विद्या मात्र मोठी गमतीची. लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्यावरच्या एफ आकड्याने भागले, की छिद्राचा व्यास निघतो. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर ठेवली तर ४७ मिलिमीटर. ५० ची त्याच आकड्यावर २८. आणि तीच ५० ची एफ ४ वर साडेबारा. फार दूरचा दिवा छायाचित्रात चकतीसारखा पसरतो आणि चेहऱ्याच्या मापात ती चकती जवळजवळ या छिद्राएवढीच असते. म्हणजे पहिलीत साताऱ्याच्या कंदी पेढ्याएवढी, तर शेवटचीत कुंकवाएवढी. मागची वस्तू जितकी जवळ, तितकी चकती आणखी लहान.

माझी आत्या लग्न होऊन याच गावात आली. आता ब्याऐंशीव्या वर्षी ती पुण्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. खोलीत लावायला तिला घाटावरचा फोटो हवा होता. माझ्या मुलीने ८५ ची लेन्स पूर्ण उघडून तो काढला. सुरकुती न् सुरकुती बोलकी, मागे नुसते करडे धुके. आत्या पडद्याकडे पाहून म्हणाली, "छान आलाय गं. पण मी बसलेय कुठे?"

मुलीने ५० ची लेन्स लावली, आकडा एफ ४ केला आणि आत्याला पायऱ्यांच्या जवळ सरकवले. पायऱ्या मऊ झाल्या, पण पायऱ्याच राहिल्या. आत्याने त्यांतल्या एकीवर बोट ठेवले. "ही बघ, इथं मी धुणं धुवायची."

तेव्हा लेन्स घ्यायला निघालेल्या वाचकांनी ५० ची एफ १.८ खुशाल घ्यावी. ती खिशाला झेपते. शिवाय माणूस चौकटीत मावावा म्हणून मागे सरकत कृष्णेत उतरावे लागत नाही! रस्त्यावरचे फलक, तारा, गर्दी पुसायला १.८ आहेच. पण माणूस आपल्या गावी उभे असेल, तर आकडा ४ वर न्यावा. गाव थोडे धूसर चालेल; ओळखू आले पाहिजे.