जिल्हा कोणता?

आमचे घर तीन पिढ्यांत जागचे हललेले नाही. मंगरूळपीर तालुक्यातील एका लहानशा गावात, मारुतीच्या पाराला लागून ते उभे आहे. तरीही गेल्या उन्हाळ्यात एका कार्यालयातील बाबूंनी माझे कागद चाळले, चष्मा कपाळावर सरकवला आणि सांगितले, "तुम्ही मूळचे मध्य प्रदेशातले दिसता. तिकडचा पुरावा आणा."

मी अवाक् झालो. काम जात पडताळणीचे होते. आमच्या प्रवर्गाला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वडील शाळेत फार टिकले नाहीत. त्यांच्या दाखल्यावरची तारीख शिवाय नंतरची. म्हणून सारी भिस्त आजोबांवर! १९५२ साली त्यांचे नाव शाळेत घातले होते. दुसरीतून ते गुरे वळायला गेले. पण दाखल-खारीज रजिस्टरात त्यांची एक ओळ राहिली. तिची नक्कल मिळवायला मला चार खेपा पडल्या. आणि त्या नकलेवर लिहिलेले होते : 'जि. अकोला, मध्यप्रदेश'. माझ्या दाखल्यावर मात्र 'जि. वाशिम, महाराष्ट्र'.

घरी येऊन आजोबांना सांगितले, तर ते खाटेवर उठूनच बसले.

"म्या कवा गेलतो रे मध्यप्रदेशात? एक डाव कापसाच्या टरकावर खंडव्याले गेलतो, थो बी दुसऱ्या रोजी वापस आलो!"

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. मी इतिहास विषय घेऊन बी. ए. करतो. अशोकाचे प्रांत आणि अकबराचे सुभे मला पाठ. पण माझे गाव कोणकोणत्या दप्तरात नांदून आले, हे मला सांगता येऊ नये? त्या आठवड्यात मी ग्रंथालयात १९१० सालचे अकोला जिल्ह्याचे गॅझेटिअर काढून बसलो. इंग्रजी जड गेले. शब्दकोश उजव्या हाताला ठेवूनच पाने उलटत होतो.

वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, एवढे आपण सारे अभिमानाने सांगतो. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातही वाशिमचे स्वतंत्र 'सरकार' होते. पुढे १८५३ साली फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. आरंभी आमच्या घाटावरच्या मुलखाचा कारभार हिंगोलीहून चाले. नंतर हिंगोली निजामाकडे परत गेली आणि कालांतराने वऱ्हाडाचे सहा जिल्हे झाले : अमरावती, एलिचपूर, अकोला, बुलढाणा, वणी आणि आमचा 'बासिम'. त्यात तालुके तीन : वाशिम, मंगरूळ आणि पुसद. म्हणजे ज्याला आपण 'नवा जिल्हा' म्हणतो, तो माझ्या खापरपणजोबांच्या वेळी चांगला नांदता होता!

१९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी करार करून वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, आणि पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले. लगेच १९०५ साली सहा जिल्ह्यांचे चार झाले. बासिम जिल्हा मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला गेले, पुसद यवतमाळला.

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. माझी आत्या पुसद तालुक्यात दिलेली आहे. त्या बाजूशी आमच्या सोयरिकी आजोबांच्याही आजोबांपासूनच्या. ती आली की आजी म्हणते, "परजिल्ह्यातून आली माय लेक." तो परजिल्हा १९०५ सालच्या एका हुकुमाने झाला, हे आजीला कोण सांगणार? पुसदने पुढे वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री महाराष्ट्राला दिले. पण स्वतंत्र जिल्ह्याची त्यांची मागणी अजून मागणीच आहे.

आजोबांच्या ओळीचे कोडेही तिथेच सुटले. १९५० साली मध्य प्रांत व वऱ्हाडचे नाव मध्य प्रदेश झाले. राजधानी होती नागपूर. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आजोबा गुरांमागे त्याच शिवारात फिरत होते. राज्य तेवढे तीनदा बदलले.

जिल्हा मात्र १ जुलै १९९८ पर्यंत अकोलाच राहिला. वडील सांगतात, एका सहीसाठी पहाटेच्या एस.टी.ने अकोला गाठायचे, आणि साहेब दौऱ्यावर असले की फलाटावर शिदोरी सोडून परत फिरायचे. एकदा तर या पायी तुरीची सोंगणी बुडाली. म्हणून जिल्हा झाला तेव्हा त्यांनी घरात पेढे आणले होते. जिल्ह्याच्या नावाने पेढे वाटणारे आमचे वडील कदाचित एकटेच नसावेत!

परवा भूगोलाच्या तासाला सरांनी जपानमधील 'गुन' या जुन्या विभागांविषयी सांगितले. त्यांच्या कचेऱ्या १९२६ साली कायमच्या बंद झाल्या. पण डोंगराळ खेड्यांतील लोक पत्त्यात ते नाव अजून लिहितात. आपल्याकडे उलटे घडले. जिल्ह्याचे नाव त्र्याण्णव वर्षे पत्त्यातून गेले, आणि जेव्हा परत आले तेव्हा ते पूर्वीही होते याची कोणाला आठवण उरली नव्हती. मला त्या बाबूंचा राग आला होता, तो यामुळे थोडा निवळला. त्यांनाही हे कोणी शिकवले नसावे.

मी फुलस्केपच्या दोन पानांवर सगळे सालवार लिहून काढले, गॅझेटिअरच्या पानाची छायाप्रत जोडली आणि पुन्हा त्याच खिडकीपाशी गेलो. बाबूंनी पहिले पान वाचले. दुसरे अर्धे. मग विचारले, "हे तुम्ही लिहिले?" मी मान हलवली. ते काही बोलले नाहीत. अर्ज ठेवून घेतला आणि पावती फाडून दिली.

दाखला अजून आलेला नाही. पावती आजोबांनी आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे, आणि तिच्यावर जिल्हा कोणता लिहिला ते मला दोनदा वाचून दाखवायला लावले.