मेक्सिकोतील आमची फुरसत

परदेशी शिकविण्यास गेलेला शिक्षक स्वदेशी परतला की त्यास दोन प्रश्न हमखास विचारले जातात: पगार किती होता, आणि काय काय पाहिले? वार्षिकाच्या संपादकांनी मात्र आम्हांस निराळाच प्रश्न केला. शाळा सुटल्यावर तेथे आपण काय करीत होता, असे त्यांनी विचारले. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर म्हणजेच आमच्या तेथील दोन वर्षांचे सार होय, आणि म्हणून ते विद्यार्थी व पालक यांच्यापुढे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

सन २०१६ च्या ऑगस्टपासून २०१८ च्या जुलैपर्यंत आम्ही मेक्सिको देशातील कुएर्नावाका या नगरी इंग्रजी शिकवीत होतो. मोरेलोस राज्याची ही राजधानी मेक्सिको शहराच्या दक्षिणेस सुमारे ८५ किलोमीटरांवर असून समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही किंचित अधिक. हवा बारा महिने इतकी सुखद असते की लोक तिला नित्य वसंताचे नगर म्हणतात. घरोघरच्या भिंतींवरून बोगनवेलीचे झुबके लोंबत असतात. भाषा स्पॅनिश, आणि ती आरंभी आम्हांस बेताचीच येत असे.

शाळा सकाळी साडेसातास भरे व दुपारी दोनास सुटे. दिवसाचे मुख्य जेवण त्यानंतर, तीनच्या सुमारास होई. ज्या घरी आम्ही खोली घेऊन राहिलो होतो, तेथील वृद्ध घरधनीण आम्हांस आपल्याच मेजावर जेवावयास बसवीत. मक्याच्या गरम तोर्तिया, राजम्यासारख्या घेवड्याची उसळ, वाटलेल्या मिरचीची चटणी आणि लाल अंबाडीचे आंबटगोड सरबत. मराठी माणसास यात परके असे थोडेच वाटावे! किंबहुना मिरची, मका, टोमॅटो, पेरू, पपई ही सारी अमेरिका खंडातूनच गलबतांत बसून आपल्याकडे आली आहेत.

नवल जेवणाचे नव्हते, जेवणानंतरचे होते. ताटे रिकामी झाली तरी कोणी उठत नसे. तास जाई, क्वचित दोन तासही जात. शेजारणीचा गुडघा, बाजारातील टोमॅटोचा भाव, नातवाची परीक्षा, मृत यजमानांची एखादी आठवण, असे विषय संथपणे निघत व संथपणेच मावळत. या बसण्यास त्या भाषेत 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्द आहे. जेवण आटोपल्यावर मेजाभोवती जो वेळ घालवावयाचा, तो सोब्रेमेसा.

आमचे बालपण मिशनच्या वसतिगृहात गेले. घंटेवर उठावे, घंटेवर प्रार्थनेस बसावे, घंटेवर जेवावे, आणि थाळी घासून पाच मिनिटांत जागा मोकळी करावी, असा तेथील शिरस्ता. वेळ हे देवाने सोपविलेले भांडवल असून त्याचा हिशेब द्यावा लागेल, ही तेथील शिकवण आम्ही आजही खरी मानतो. साहजिकच मेजाशी बसले असता आमचे मन खोलीतील न तपासलेल्या वह्यांकडे धाव घेई. एके दिवशी आजीबाईंनी ते ओळखले आणि म्हणाल्या, "माएस्त्रो, वह्यांना पाय फुटणार आहेत का?" माएस्त्रो म्हणजे गुरुजी. त्या देशी सन १९१८ पासून १५ मे हा शिक्षकदिन पाळतात व या शब्दास मोठा मान आहे. तरीही आजीबाईंच्या बोलण्यातील टोमणा आमच्या ध्यानी आला. बेथानीच्या घरातील मार्था आणि मरीया यांची गोष्ट आम्ही शब्बाथ शाळेत कितीदा तरी शिकविली होती. त्या दुपारी ती आमच्याच ताटाशेजारी येऊन बसली.

सायंकाळी सारे गाव चौकात लोटे. या मध्यवर्ती चौकास सोकालो म्हणतात. तेथे फुगेवाले, बूटपॉलिशवाले, लिंबू व तिखट लावलेले मक्याचे दाणे पेल्यातून विकणाऱ्या बाया, आणि बाकांवर वृद्ध मंडळी. खरेदी थोडी, बसणे फार. कोणी काही खात असला तर शेजारून जाणारा अनोळखी मनुष्यही "प्रोवेचो!" म्हणून जाई, अन्न अंगी लागो, अशा अर्थाचा हा आशीर्वाद होय.

याच चौकात एका सेवानिवृत्त शिक्षकांशी आमचा परिचय झाला. आम्ही मुंबईकडचे व ख्रिस्ती, हे ऐकताच ते उठले व आम्हांस जवळच्या कॅथीड्रलमध्ये घेऊन गेले. सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन मठाचे ते मंदिर. त्याच्या भिंतींवर जुनी चित्रे आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास जीर्णोद्धार चालू असता ती रंगाच्या थरांखाली सापडली. दि. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानातील नागासाकी येथे २६ ख्रिस्ती जनांस क्रूसावर देहदंड झाला, त्याची ती कथा आहे. गुरुजी अभिमानाने म्हणाले, "त्यांत आमचे फेलिपे दे हेसूस आहेत, मेक्सिकोचे." आम्ही म्हणालो, "आणि आमचे गोन्सालो गार्सिया, वसईचे." दोघेही एकाच दिवशी, एकाच टेकडीवर मरण पावले आणि १८६२ साली दोघांसही एकदमच संतपद मिळाले. त्या दिवसापासून गुरुजी चौकात आमची ओळख करून देत ती अशी: "हे आमच्या फेलिपेच्या सोबत्याच्या गावाकडचे." अशा रीतीने त्या बाकावर आम्हांस जागा मिळाली. आम्ही कोठे राहतो, कितीला घरी येतो, डाळभात कोणत्या वारी शिजवितो, हे सर्व त्या मंडळींस हळूहळू ठाऊक झाले.

या रिकाम्या दिसणाऱ्या बैठकीचे मोल आम्हांस मंगळवार, दि. १९ सप्टेंबर २०१७ रोजी कळले. १९८५ साली याच तारखेस मेक्सिको शहरी भीषण भूकंप होऊन सहस्रावधी माणसे दगावली होती. त्यांच्या स्मरणार्थ सकाळी अकरा वाजता आपत्तीची कवायत झाली. मुलांनी ती हसतखेळत केली. दुपारी १ वाजून १४ मिनिटांनी भूमी खरोखरीच हादरली. तीव्रता ७.१ होती. फळा भिंतीवर आपटू लागला, दिवे झोके घेऊ लागले. परंतु बारा वर्षांची ती मुले सकाळच्याच रांगेने अंगणात आली. देवकृपेने आमच्या शाळेत कोणास इजा झाली नाही. देशात मात्र साडेतीनशेहून अधिक माणसे गेली, त्यांपैकी सत्तराहून अधिक आमच्या मोरेलोस राज्यातील. दक्षिणेकडील होहुत्ला या गावाची तर दैना उडाली.

दूरध्वनी बंद पडले होते. आईबाप धावत येत, मूल उराशी धरीत व घेऊन जात. अंगण रिते होत चालले तेव्हा एका मुलीने आमची बाही ओढून विचारले, "माएस्त्रो, तुम्हांला न्यायला कोण येणार?" आम्हांस उत्तर सुचले नाही. आमची माणसे तेथून सातासमुद्रांपलीकडे होती आणि त्यांस हे वर्तमान कळविण्याचीही सोय उरली नव्हती.

तीनच्या सुमारास फाटकातून काठी टेकीत बाकावरचे गुरुजी आत आले. चेहरा धुळीने माखलेला. म्हणाले, "चला. आजीबाई सुखरूप आहेत. आमच्या मोजणीत तुम्ही तेवढे राहिला होता."

वाटेत उलगडा झाला. बाकावरच्या मंडळींनी गल्ल्या आपसांत वाटून घेतल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर कोण एकटी राहते, कोणास ऐकू येत नाही, कोणाच्या घरी अंथरुणास खिळलेला रुग्ण आहे, यासाठी त्यांस कोणतीही नोंदवही उघडावी लागली नाही. वर्षानुवर्षे सायंकाळी केलेल्या गप्पा हीच त्यांची नोंदवही होती. पुढील दिवसांत चौकात पाण्याच्या बाटल्या, कांबळी व धान्य यांच्या राशी जमल्या, आणि फुगेवालाही खांद्यावर पोती वाहू लागला.

विद्यार्थिमित्रांनो, अभ्यास सोडून कट्ट्यावर बसा, असा उपदेश आम्ही करीत नाही. तुमच्या वह्या आम्हांसच तपासावयाच्या आहेत! परंतु एकट्याने पडद्याकडे पाहत घालविलेली घटका आणि माणसांत बसून घालविलेली घटका, या दोन्हींस आपण फुरसत हे एकच नाव देतो, हे काही बरोबर नव्हे. आपल्या गावांतही वडाचा पार होता, घराला ओटी होती. त्यांचे काम हेच असे. पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, रात्रीचे जेवण झाल्यावर मुलांस लगेच उठवू नये. आजोबांची तीच ती गोष्ट पुन्हा निघाली, तरी निघू द्यावी. शेजारचे एकटे गृहस्थ येऊन बसले, तर त्यांच्यासाठी आणखी एक पाट मांडावा.