मला काय धाड भरली?

नांदेड,
शनिवार

चि. सुनंदा हिस,


परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, माणूस स्वतःच नको म्हणतोय तर मी करू तरी काय?" शेजारी सासूबाई होत्या, त्यामुळे तुला मोकळं बोलता आलं नाही आणि मलाही. म्हणून लिहायला बसले.

जे दिसतंय ते आधी तसंच मांडते. तुझे माधवराव पहाटे तीनला उठून ओसरीत बसतात. सोयाबीनचा ऐन सीझन, तरी आडतीवर जात नाहीत. गेले तर सौद्याला उभे राहत नाहीत, सगळं मुनिमावर सोडतात. ज्यांना गावोगावच्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या तोंडपाठ असायच्या, त्यांना कालची पट्टी आठवत नाही. ताटात अर्धी भाकरी तशीच राहते. पोरगी दहावीत, पण तिच्याशी बोलणं नाही, आणि बोलले तर खेकसून. दसऱ्यापासून हे चाललंय. असं सलग दोन आठवडे राहिलं तरी डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. घरचे त्याला टेन्शन म्हणतात, तुझ्या जाऊबाई 'बाहेरचं काहीतरी' म्हणतात, आणि ते स्वतः म्हणतात, "मला काय धाड भरली?"

सुनंदा, आजाराच्या नावावरून त्यांच्याशी भांडू नकोस. 'तुम्हाला डिप्रेशन आहे' हे त्यांच्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय पुढचं पाऊल पडणार नाही, असं तू धरून बसली आहेस. तसं काही नाही. झोप लागत नाही हे ते स्वतःच सांगतात ना? छातीत धडधडतं, अॅसिडिटी होते, हेही सांगतात. मग त्या तक्रारीला धरून चाल. "तुम्ही तीनला उठता, मलाही मग झोप येत नाही. झोपेचं तेवढं डॉक्टरांना दाखवू," एवढंच म्हण. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ यांच्या तपासण्या तशाही व्हायलाच हव्यात, कारण थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच गळून जातो. दसऱ्यापासूनचं सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात दे, आणि तो कागद माधवरावांसमोरच दे. पुढे कुणाकडे पाठवायचं ते डॉक्टर सांगतील. घरातल्या दहा जणांनी सांगून जे पटत नाही ते कधीकधी डॉक्टरांच्या एका वाक्यानं पटतं.

पण चहात गोळी घालून देण्याचा जो सल्ला तुला मिळालाय, तो मुळीच ऐकू नकोस. झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे नेणं यात फसवणूक नाही, कारण ती तक्रार त्यांची स्वतःची आहे. चहातली गोळी मात्र एक ना एक दिवस कळतेच. मग तुझ्या हातचं पाणीसुद्धा ते प्यायचे नाहीत, आणि आज तुझ्याजवळ जे आहे ते म्हणजे त्यांचा तुझ्यावरचा विश्वास. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सज्ञान माणसाच्या संमतीला पहिलं स्थान दिलंय.

त्यांची भीती कशाची आहे हे एकदा समजून घे. आपल्याकडे वेड म्हटलं की पुण्याचं येरवडा. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी. मराठवाड्यासाठी ती कायम लांबचीच राहिली, म्हणून 'तिकडं नेऊन सोडतील' ही दहशत आपल्या आजोबांपासून चालत आलेली. दुसरी भीती शॉकची. भूल न देता शॉक द्यायला त्याच कायद्यानं बंदी घातली आहे, आणि माधवरावांसारख्या माणसाला बहुतेक वेळा गोळ्या आणि बोलणं एवढ्यावर भागतं. आणि तिसरी भीती सगळ्यांत खरी: लातुरात गोलाईच्या कुठल्यातरी रस्त्यावर मनोविकारतज्ज्ञाच्या पाटीखाली कुणीतरी आपल्याला बघेल आणि दुपारपर्यंत मार्केट यार्डात बातमी पोचेल. या भीतीला मी हसणार नाही. बाजारात पत गेली तर आडत्याकडे राहतं काय? त्यांना लातुरात दाखवायचं नसेल तर नांदेडला या. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकृतीशास्त्र विभाग आहे, खासगी डॉक्टरही आहेत. आमच्या ओळखीतले काही जण उलट लातूरला जातात, त्याच कारणासाठी!

आपल्या लातूर जिल्ह्याला मनाचे डॉक्टर नवे आहेत असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माणसांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं १९९४ पासून काही वर्षं करवला. त्याचे प्रमुख होते डॉ. मोहन आगाशे. तू त्यांना नट म्हणून ओळखतेस, पण मूळचे ते मनोविकारतज्ज्ञ. 'कासव' हा सिनेमा आणण्यातही त्यांचा हात होता, ज्याला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. जमलं तर बघ. त्यातल्या निराश पोराला समुद्रकिनारा, मोठं घर आणि भरपूर सवड मिळते. तुझ्या वाट्याला दोन खोल्या, सासूबाई आणि आडतीची उधारी. तेवढा फरक धरून बघ. पण त्याला सांभाळणारी जानकी त्या पोराची उलटतपासणी घेत नाही, ते मला फार पटलं. तुमच्या घरी मात्र येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "काय झालंय म्हणून?" त्याला तू दारातच थांबव.

घरात काय करता येईल? गोव्यात 'संगाथ' संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांत एक उपचार तपासून पाहिला. डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले समुपदेशक सहा ते आठ बैठका घेत. त्याचं सार असं, की मन लागलं की काम करू म्हणून थांबायचं नाही. छोटं काम आधी करायचं, मन मागून येतं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि ते चांगले होते. तू समुपदेशक नाहीस, व्हायचंही नाही. पण "आडतीवर जा" म्हणण्याऐवजी "दुधाला माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चला" म्हणता येतं. नाही म्हणाले तर तू एकटी जा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. "घरात दोन पोरं आहेत, असं हातपाय गाळून कसं चालेल?" हे मात्र नको. ते त्यांना तुझ्याहून जास्त टोचतंय.

उधारीचं काय ते वेगळं बघावं लागेल. ज्यांचं ते ऐकतात असा एकच माणूस निवड, मला वाटतं त्यांचे औशाचे मावसभाऊ, आणि मुनिमासोबत त्यांना वह्या बघू दे. आजार आणि कर्ज एकमेकांत गुंतलेलं असतं, गोळीनं कर्ज फिटत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट विचार. "जगण्यात अर्थ नाही" असं ते म्हणाले, असं तू सांगितलंस. "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" हे त्यांना सरळ विचार. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फवारणीचं औषध आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या आजच घरातून नि दुकानातून हलव, मावसभावांकडे कुलपात ठेवायला दे. ते हो म्हणाले, किंवा तसं काही दिसलं, तर त्यांना एकटं सोडू नकोस आणि त्यांच्या नकाराची वाट न बघता थेट सरकारी दवाखान्यात ने. अशा वेळी दोन तज्ज्ञ तपासून, संमतीशिवायही, मर्यादित काळासाठी दाखल करून घेऊ शकतात. कायद्यात ती सोय आहे. नकाराचा मान तिथपर्यंतच.

आणि तू? "बायकोनं सांभाळून घ्यायचं असतं" हे तुला इतकं ऐकवलंय की त्यांचा आजार म्हणजे तुझी कामचुकारी, असं तुलाच वाटायला लागलंय. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना असल्याचं दिसलं. तेव्हा डॉक्टरला नको म्हणणारे माधवराव जगावेगळे नाहीत आणि तू नालायक नाहीस. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांनी घरोघर बोलणं सुरू केलं, तेव्हा मदत घेणारे नैराश्यग्रस्त १०० पैकी ४ होते ते २७ झाले. वेळ लागतो, पण माणसं वळतात. गोळ्या सुरू झाल्या तरी त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे आत्ताच सांगून ठेवते. नाहीतर आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून डबी कोपऱ्यात जाईल.

ते डॉक्टरकडे येत नाहीत तोवर तू एकटी जा. त्यांच्या नकारानं तुझी मदत अडत नाही. १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात, आणि घरच्या माणसांनीही लावायचा असतो. सासूबाई दुपारी झोपतात तेव्हा गच्चीवर जाऊन लाव, आणि संध्याकाळी मला कळव.

तुझी,
ताई