टॅन घालवायचाय? आधी क्रीमची डबी दाखवा

माझा दवाखाना मुलुंडला आहे. मे महिन्यात लग्नसराई सुरू झाली की सर्दी-तापासाठी आलेल्या मुलीही उठता उठता हळूच विचारतात, "डॉक्टर, हा टॅन कशाने जाईल?"

तिकडे युरोप-अमेरिकेत याच्या उलट चालतं. गोरी माणसं पैसे मोजून अतिनील दिव्यांच्या यंत्रात झोपतात आणि कातडी सावळी करून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली ही यंत्रं तंबाखूच्याच गटात टाकली, म्हणजे माणसात कॅन्सर घडवणाऱ्या गोष्टींच्या. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठी त्यांच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे हे वेड फारसं नाही. पण जन्मजात रंग बदलण्याची हौस तीच आहे आणि तिची किंमतही मोजावी लागते.

आधी टॅन म्हणजे काय ते समजून घेऊ. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींना इजा होते. ती वाढू नये म्हणून त्वचा मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त तयार करते. म्हणजे टॅन ही त्वचेने स्वतःवर धरलेली छत्री आहे. ऊन टाळलं तर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत तो आपोआप फिका होतो.

इतका धीर मात्र कोणाला नसतो. घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोने रोज कामाला जाणारी एक तरुणी माझ्याकडे आली. चेहरा लालबुंद, गालावर बारीक लव, पुरळ, उन्हात गेलं की आग. मैत्रिणीने दिलेली ट्यूब ती सहा महिने लावत होती. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने रंग तात्पुरता उतरतो, पण त्वचा पातळ होते. लावणं थांबवलं की आग भडकते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती ट्यूब चिठ्ठीविनाच मिळाली होती.

स्टेरॉइडचं नुकसान निदान आरशात दिसतं. पाऱ्याचं दिसत नाही. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून काही बेनाम क्रीममध्ये तो घालतात. तो त्वचेतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना किडनीचा आजार झाला होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी वर्तमानपत्रांत आली. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यातल्या १५ जणांत एक ठरावीक खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम वापरत होते. दिलासा इतकाच की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात आला.

म्हणून आता पायाला सूज घेऊन कोणी तरुण रुग्ण आला की मी विचारतो, "चेहऱ्याला काय लावता?" बरेच जण आधी "काही नाही" म्हणतात. सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर सांगायची लाज वाटते. खरं उत्तर दुसऱ्या भेटीत, एकट्याने आल्यावर मिळतं. ही लाज महाग पडते.

तुम्ही एवढं करा:

- डबीवर उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती वापरू नका. पार्लरमध्ये सुट्या डबीतलं क्रीम लावू देऊ नका.
- ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. बरेच दिवस लावलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून मगच बंद करा.
- लघवीला फेस, सकाळी डोळ्यांखाली सूज किंवा पायावर सूज दिसली तर क्रीमची डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. लघवीची साधी तपासणी बरंच काही सांगते.
- उन्हात छत्री, टोपी, सनस्क्रीन वापरा. टॅन घालवण्यापेक्षा तो टाळणं सोपं आणि स्वस्त आहे.

लग्नाच्या फोटोत रंग दोन छटा उजळ दिसला नाही तरी काही बिघडत नाही. किडनी मात्र आयुष्यभर लागते.